बेटावरचा शोषखड्डा

नमस्कार श्रोतेहो.

रंकाळ्यात केंदाळ माजलं, पाणी हिरवं पडलं, की कोल्हापूरकराला कारण विचारावं लागत नाही. सांडपाणी कुठल्या नाल्यानं आलं, हे डोळ्यांना दिसतं. लक्षद्वीपसारख्या प्रवाळ बेटावर तसा नालाच नसतो. सांडपाणी घराखालच्या वाळूतून गुपचूप समुद्रात उतरतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक आहे.

या बेटांवर नदी नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. खारं पाणी थोडंसंच जड, त्यामुळे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर १० सेंटिमीटर असेल, तर खाली साधारण ४ मीटर गोडं पाणी, असा ढोबळ हिशेब. भरती-ओहोटीच्या घुसळणीत प्रत्यक्षात ते आणखी कमी भरतं. विहिरीही याच थरात आणि शोषखड्डेही याच थरात.

सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, पण अमोनिया पाण्यातच राहतो. मोकळ्या, हवेशीर वाळूत त्याचं नायट्रेट होतं. नायट्रेटला वाळू धरून ठेवत नाही. ते आधी विहिरीत, मग लगूनमध्ये, म्हणजे बेट आणि प्रवाळाची कड यांच्यामधल्या उथळ समुद्रात जातं आणि तिथे शेवाळ पोसतं. शेवाळ प्रवाळावर पसरलं की प्रवाळाचा उजेड तुटतो. आपल्या काळ्या मातीत पाणी हळूहळू झिरपतं, म्हणून विहीर आणि शोषखड्डा यांच्यातलं आपल्याकडचं अंतर तिथे पुरत नाही. मुख्य भूमीचा नियम जसाच्या तसा बेटावर लावणं ही धोरणातली मोठी चूक आहे.

मग करायचं काय? टाकी गळकी नको. ती पाण्यानं भरायची, एक दिवस भिजू द्यायची, पुन्हा काठोकाठ भरून खूण करायची आणि २४ तासांनी पातळी बघायची. टाकीतून निघणारं पाणी शोषखड्ड्यात न सोडता तळाला जाड प्लॅस्टिक घातलेल्या खडीच्या वाफ्यात, कर्दळीच्या मुळांतून फिरवायचं. गाळ टाकीच्या एक तृतीयांशापर्यंत आला की उपसायचा. इथेच घोडं अडतं: उपसलेला गाळ टाकायचा कुठे? गाळ वाळवण्याची जागा आधी राखली नाही, तर तो किनाऱ्यावरच जातो.

पाणी तपासण्यातही एक खोच आहे. पाण्यात मैला मिसळला का, हे मैल्यातल्या जिवाणूंवरून ओळखतात. समुद्राच्या पाण्यात त्यांतले इ. कोलाय लवकर मरतात, म्हणून एन्टरोकॉकस हे दुसरे जिवाणू मोजतात. निर्जंतुक बाटली पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर भरायची, बर्फात ठेवून ६ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची. पण उष्ण प्रदेशाच्या मातीत हे जिवाणू आपसूक वाढतात. जोराच्या पावसानंतर आकडा चढला, तर तो मैल्याचा की मातीचा हे कळत नाही. अमेरिकेच्या हवाई बेटांवर यासाठी क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स हा मातीत तसा सहज न वाढणारा, मैल्यातला जिवाणूही तपासतात.

हवाईत प्रक्रिया न करता मैला जिरवणारे ८० हजारांहून जास्त खड्डे आहेत. २०१७ च्या कायद्यानं ते २०५० पर्यंत बदलायचे आहेत. ही मुदत फार लांबची आहे. निदान विहिरी आणि लगूनलगतच्या घरांचा नंबर आधी लागायला हवा. तिथल्याच कानेओहे उपसागरात सोडलं जाणारं सांडपाणी १९७७-७८ मध्ये बाहेरच्या खोल समुद्राकडे वळवलं. पाणी लवकर निवळलं. प्रवाळावर बसलेलं बुडबुड्यांसारखं शेवाळ मात्र कमी होऊनही तग धरून होतं. २००६ मध्ये कित्येक दिवस सलग पाऊस आणि ढग राहिले, ऊन मिळेना, तेव्हा कुठे ते कोसळलं.