नाव बदललं, नाटक नाही: 'बॅड सिंड्रेला'चं नेमकं काय झालं?

नमस्कार मंडळी.

१२ जून २०२२. लंडनच्या गिलियन लिन थिएटरमध्ये 'सिंड्रेला' या संगीत नाटकाचा शेवटचा प्रयोग नुकताच संपलाय. कलाकार रंगमंचावर उभे आहेत. संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर आलेले नाहीत, त्यांचं पत्र वाचून दाखवलं जातंय. कोविडच्या काळात नाटक उघडणं ही महागात पडलेली चूक असावी, अशा अर्थाचं वाक्य येतं आणि प्रेक्षागृहातून हुर्यो उठते.

पुढच्याच वर्षी हे नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत, आलं. नवं नाव, 'बॅड सिंड्रेला'. २३ मार्च २०२३ ला शुभारंभ झाला आणि ४ जूनला पडदा पडला. शुभारंभाआधीचे पूर्वप्रयोग सोडले तर ८५ प्रयोग.

नाव बदलून नाटक वाचतं का, हा आजचा प्रश्न. माझं उत्तर आधीच सांगते: वाचू शकतं, पण आतलं नाटकही तितकंच बदललं असेल तरच.

आधी लंडनचं बघू, कारण खरी जखम तिथली आहे. मार्च २०२० मध्ये वेस्ट एंडची, म्हणजे लंडनच्या नाट्यवस्तीतली, सगळी नाट्यगृहं बंद झाली. 'सिंड्रेला' त्याच वर्षी यायचं होतं, ते पुढे ढकललं. जून २०२१ मध्ये अर्ध्या आसनक्षमतेवर पूर्वप्रयोग सुरू झाले. आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ मध्ये नाट्यगृहं उघडली ती अशीच, निम्म्या खुर्च्या मोकळ्या ठेवून. ज्यांनी त्या दिवसांत प्रयोग लावले, त्यांना ते गणित वेगळं समजवायला नको. भाडं पूर्ण, नटसंच पूर्ण, वादक पूर्ण आणि तिकीटबारी अर्धी.

जुलैमध्ये निर्बंध उठले, तर नेमका संचात कोविडचा रुग्ण निघाला आणि शुभारंभ रद्द करावा लागला. शेवटी तो १८ ऑगस्टला झाला. डिसेंबरात ओमायक्रॉन आला, प्रयोग पुन्हा बंद, ते थेट फेब्रुवारीपर्यंत. मग १ मे २०२२ ला नाटक बंद होत असल्याचं जाहीर झालं. संचातल्या अनेकांना ही बातमी माध्यमांतून कळली. उन्हाळ्यात नव्या संचात दाखल होणाऱ्या कलाकारांनी तर अजून तालमीही सुरू केल्या नव्हत्या. शेवटच्या रात्रीची ती हुर्यो मला म्हणूनच समजते. ज्यांनी मास्क लावून, रोज चाचण्यांच्या धाकात नाटक उभं केलं, त्यांच्यासमोर 'चूक' हा शब्द उच्चारायचा नसतो.

आता नाटकाबद्दल. बेलव्हिल नावाचं गाव, जिथे सगळ्यांनी देखणं असायलाच हवं. सिंड्रेला तिथली बंडखोर मुलगी, काळे कपडे घालणारी, कुणाला न जुमानणारी. लंडनमध्ये ही भूमिका कॅरी होप फ्लेचरने केली, संहिता एमराल्ड फेनेलची. या प्रयोगाची सगळ्यात मोठी करामत दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला होती. राजवाड्यातल्या नृत्याचा प्रवेश सुरू होताना फिरता रंगमंच आणि प्रेक्षकांच्या पुढच्या रांगा खुर्च्यांसकट वळायच्या. बघता बघता प्रेक्षक रंगमंचाच्या भोवती बसलेले असायचे, जणू तेही राजवाड्यात बोलावलेले पाहुणे.

न्यूयॉर्कचं इम्पीरियल थिएटर म्हणजे चौकटीचा रंगमंच. समोर पडदा, समोर प्रेक्षक. तिथे ही करामत शक्यच नव्हती. म्हणजे लंडनमध्ये जे लोकांनी घरी जाऊन सांगितलं असेल, तेच गळालं. संहितेवर अलेक्सिस शीअरने हात फिरवला, नायिका नवी आली, लिनेडी जिनाओ. कथा आणि गाणी बहुतांश तीच. आणि नाटकातल्याच एका गाण्यावरून नाव ठेवलं 'बॅड सिंड्रेला'.

हे नाव का ठेवलं असेल, ते मला पटतं. ब्रॉडवेवर रॉजर्स आणि हॅमरस्टाईन यांचं 'सिंड्रेला' २०१३ ते २०१५ चाललेलं होतं. वेगळेपण दाखवायला हवंच होतं. पण ब्रॉडवेचं तिकीट कोण काढतं ते बघा. महामारीच्या आधी तिथले साधारण दोन तृतीयांश प्रेक्षक बाहेरगावचे, पर्यटक. टाइम्स स्क्वेअरला लाल पायऱ्यांखाली सवलतीच्या तिकिटांची खिडकी आहे. तिथल्या फलकावर नाटकाचं नाव, सवलतीचा टक्का असे मोजकेच तपशील. मुलाबाळांना घेऊन रांगेत उभी असलेली आई 'सिंड्रेला' वाचून खूश होते आणि आधीचा 'बॅड' वाचून थबकते. मुलांना न्यावं की नाही? उलट, ज्या तरुण प्रेक्षकाला काहीतरी धारदार हवंय, तो आत जातो आणि त्याला मिळतं बऱ्यापैकी गोड नाटक. एकाला नावाने बाहेर थांबवलं, दुसऱ्याला आत नेऊन निराश केलं. शिवाय समीक्षकांना मथळा आयता मिळाला. ब्रॉडवेच्या मानाच्या टोनी पुरस्कारांत एकही नामांकन नाही.

त्याच काळात, १६ एप्रिल २०२३ ला, वेबर यांचंच 'द फँटम ऑफ द ऑपेरा' १३,९८१ प्रयोगांनंतर ब्रॉडवेवरून उतरलं. त्यामुळे 'बॅड सिंड्रेला' बंद झालं त्या दिवशी, १९७९ च्या 'एव्हिटा'पासून अखंड चालत आलेली त्यांची ब्रॉडवेवरची उपस्थिती संपली. ४३ वर्षांहून जास्त. आता संपले वेबर, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते.

पण पुढे जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २०२३ मध्ये दिग्दर्शक जेमी लॉइडने लंडनला वेबर यांचंच 'सनसेट बुलेव्हार्ड' केलं. पुढे ब्रॉडवेवर नेताना नाव कापून 'सनसेट Blvd.' एवढंच ठेवलं (Blvd. हे 'बुलेव्हार्ड'चं लघुरूप), आणि नेपथ्यही तसंच कापून काढलेलं. भव्य जिना नाही, हवेली नाही. जवळजवळ मोकळा रंगमंच, कॅमेरे आणि मागे प्रचंड पडद्यावर नटीचा चेहरा. २०२५ मध्ये पुनरुज्जीवित संगीत नाटकाचा टोनी त्यालाच मिळाला. २०२४ मध्ये न्यूयॉर्कला वेबर यांच्याच 'कॅट्स'चं नवं रूप, 'कॅट्स: द जेलिकल बॉल' आलं. मांजरांचे पोशाख गेले, न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-ट्रान्स समाजाची बॉलरूम स्पर्धा, म्हणजे पोशाख, चाल आणि नाच यांची चढाओढ, आली. आणि 'फँटम'? २०२५ मध्ये न्यूयॉर्कला 'मास्करेड' नावाने परत आलं. प्रेक्षक मुखवटे घालून, लहान लहान गटांनी एका इमारतीत शिरतात आणि कथेच्या मागोमाग खोल्याखोल्यांतून फिरतात.

या तिन्ही ठिकाणी नवं नाव वाचून प्रेक्षकाला कळतं की आत काहीतरी वेगळं घडणार आहे, आणि आत गेल्यावर ते घडतंही. आपल्याकडे 'नव्या संचात' अशी जाहिरात आली की जाणकार प्रेक्षक पहिला प्रश्न हाच विचारतो: संच नवा, पण बसवलंय नव्याने का?

आपल्या ए. आर. रहमान यांचं 'बॉम्बे ड्रीम्स' आठवतंय? निर्माते वेबरच. लंडनमध्ये २००२ ते २००४ छान चाललं. ब्रॉडवेसाठी संहिता बरीच बदलली, नाव तेच ठेवलं, तरी तिथे ते वर्षभरही टिकलं नाही. म्हणजे नुसतं आतून बदलूनही यशाची खात्री नसते, हेही मान्य करायला हवं.

मग 'सिंड्रेला'चं भविष्य काय? ब्रॉडवेवर मोठ्या खर्चाने परत येईल असं मला वाटत नाही. दर आठवड्याचा खर्च आता इतका वाढलाय की लंडनच्या 'फँटम'नेसुद्धा २०२१ मध्ये वादक २७ वरून १४ वर आणले. पण गाणी चांगली आहेत, आणि देखणं असण्याच्या सक्तीवरची ही गोष्ट आजच्या मुलींना लागू पडणारी आहे. माझं मत विचाराल तर 'बॅड' काढून टाका. तीनशे-चारशे खुर्च्यांची जागा घ्या, चौफेर प्रेक्षक बसवा, आठ-दहा वादक ठेवा, आणि नृत्याच्या प्रवेशाला प्रेक्षकांना पुन्हा राजवाड्यात ओढा. खुर्च्या फिरवायला यंत्र परवडत नसेल तर लोकांना उठवून उभं करा, दोन पावलं नाचू द्या. असा प्रयोग कुठे लागला तर पहिल्या रांगेचं तिकीट मी काढेन.