फडकं, नारळाची शेंडी आणि उन्हाळ्यातला मच्छर

(अकोल्यातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडं नीटनेटकं केलं आहे.)

नमस्कार मंडळी. ही बरणी इथं टेबलावर ठेवतो. तोंडाला मलमलचं फडकं घट्ट बांधलेलं आहे, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काकूंनी निश्चिंत बसावं. आत काय आहे ते शेवटी दाखवतो.

आधी एक विचारतो. ज्यांच्या घरी कूलर सुरू झाला त्यांनी हात वर करा. वा, सगळेच. एप्रिल महिना आणि अकोला, दुसरं काय होणार! आता हात वरच ठेवा. यंदा पहिल्यांदा पाणी भरायच्या आधी ज्यांनी कूलरची टाकी आतून घासली, नुसती विसळली नाही, घासली, तेवढेच हात वर राहू द्या. तीन. नाही, चार, मागे एक ताई आहेत. या चौघांसाठी टाळ्या वाजवा. मनापासून वाजवा. तासाभरात मला जे सांगायचंय ते यांनी आधीच करून टाकलंय.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘उन्हाळ्यातले डास : घरगुती नैसर्गिक उपाय’. आपल्याकडे डास कोणी म्हणत नाही, मच्छर म्हणतात, म्हणून मीही मच्छरच म्हणणार. कडुनिंब, गवती चहा, कापूर, सगळ्यावर बोलायचं आहे. पण त्याआधी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. हिवताप विभागात एकतीस वर्षं मी घरोघरी फिरलो, हातात टॉर्च आणि पांढरं डिपर घेऊन. डिपर म्हणजे लांब दांड्याचा पळा. पांढरा अशासाठी की त्यात अळी लगेच दिसते. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यातला मच्छर रानातून येत नाही, नदीवरून येत नाही. तो आपण पाळलेला असतो.

बघा ना. बाहेर पंचेचाळीस अंश. हवा इतकी कोरडी की वाळत घातलेला कपडा अर्ध्या तासात कडक होतो. मच्छर हा नाजूक जीव, अशा हवेत उघड्यावर तो तग धरत नाही. नाले आटलेले, डबकी आटलेली. मग त्याला गारवा कुठं मिळतो, ओल कुठं मिळते, अंडी घालायला पाणी कुठं मिळतं? आपल्या खोलीत. कूलरमागे, न्हाणीघरातल्या टाक्यात, रांजणात, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये. त्यातून महानच्या धरणाचं पाणी नळाला येणार चार दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, म्हणून प्रत्येक घरात पिंप, टाकी, ड्रम भरून ठेवलेले. पाण्याची टंचाई जितकी जास्त तितकं साठवलेलं पाणी जास्त, आणि तितका मच्छर जास्त. पावसाळ्यातल्या डेंग्यूची चर्चा सगळे करतात. पण उन्हाळ्यात त्याला घर कोण देतं, हे कोणी बोलत नाही.

डेंग्यू, चिकुनगुन्या पसरवणारा तो एडिस. काळा, पायांवर पांढरे पट्टे, दिवसा चावणारा. तो फार दूर उडत नाही, शंभर-दोनशे मीटरच्या आतच त्याचा संसार असतो. म्हणजे तुम्हाला चावलेला एडिस तुमच्या घरचा, नाहीतर शेजारच्या घरचा.

आता २००६ सालची गोष्ट सांगतो. लांब आहे, पण तिच्यातच माझं आजचं सगळं बोलणं आहे.

२००६ आठवतं ना? चिकुनगुन्याचं वर्ष. राज्यभर गल्लीच्या गल्ल्या वाकून चालत होत्या. चिकुनगुन्या हा शब्दच आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला, वाकवून टाकणारा असा त्याचा अर्थ. बार्शीला १९७३ साली त्याची साथ येऊन गेली होती, पण २००६ मध्ये आला तेव्हा तरुण पिढीला तो अगदी नवा होता. मे महिना, दुपारचे अकरा. जुन्या शहरातल्या एका घरी आम्ही कंटेनर सर्वेक्षणाला, म्हणजे पाणी साठवलेली भांडी तपासायला गेलो. दारात आजी. घरात मुलगा, सून, नातू, तिघंही अंथरुणावर. सुनेला ग्लास धरता येत नव्हता, दोन्ही मनगटांनी उचलत होती.

आजींनी आम्हाला दारातच अडवलं. ‘भाऊ, आमच्या घरी मच्छर नाही. रोज दिवेलागणीले निंबाचा पाला जाळतो मी.’ आणि खरंच, कोपऱ्यात राखेनं भरलेली मातीची धुपाटणी होती, खिडकीत तुळस होती, उंबऱ्याला कापराचा वास होता. माउलीनं जे जे करायचं ते सगळं केलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण ती खोटं बोलत नव्हती.

मी कूलरचं झाकण काढलं. टॉर्च मारला. पाणी अगदी स्वच्छ. एडिसला असंच पाणी आवडतं, घाण लागत नाही त्याला. डिपर हळूच बुडवलं आणि वर काढलं. पांढऱ्या डिपरमध्ये पंचवीस-तीस अळ्या, शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून उलट्या टांगलेल्या. त्यांच्यावरून हाताची सावली नेली की सगळ्या एकदम वळवळत तळाला. दहा-पंधरा सेकंदांनी परत एकेक वर, श्वास घ्यायला. स्वल्पविरामासारखे दिसणारे दोन-तीन कोषही होते. अळीचा कोष होतो आणि कोषातून मच्छर निघतो.

आजी म्हणाल्या, ‘हे तं पाण्यातले किडे हायत. हे काय चावतेत?’

वाद घालून उपयोग नव्हता. एक रिकामी बरणी मागून घेतली, त्यात ते पाणी ओतलं, फडकं बांधलं आणि त्यांच्या फळीवर ठेवली. ‘आजी, चार दिवसांनी येतो. तोवर फडकं सोडू नका.’

चौथ्या दिवशी गेलो तर आजी दारातच बरणी घेऊन उभ्या. फडक्याला आतून मच्छर लटकलेले, पायांवर पांढरे पट्टे. शेजारच्या चार बायांना बोलावून त्यांनी ते आधीच दाखवलं होतं. मला एवढंच म्हणाल्या, ‘हे तं घरचेच निघाले, भाऊ.’

मी लगेच आमचं ठरलेलं वाक्य बोललो. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. त्यावर आजी उसळल्या. ‘पाणी फेकू म्हणता? अन् नळ चार दिवसांनी. तुम्ही भरून देता काय?’ मंडळी, त्यांचं बरोबर होतं. टंचाईच्या गावात जाऊन पाणी फेका असं सांगणं, मग ते कितीही शास्त्रीय असो, कोण ऐकणार? इतकी वर्षं मी ते घरोघरी सांगत होतो, लोक मान डोलवत होते आणि आमची पाठ फिरली की काहीच करत नव्हते. त्या दिवशी मला कळलं का ते.

उपायही आजींनीच काढला. आत गेल्या, म्हाताऱ्या बाबांचं जुनं धोतर आणलं, चार पदरी केलं, रिकाम्या पिंपाच्या तोंडाला बांधलं आणि सांगितलं, ओत. आम्ही नारूच्या वेळी असंच गाळत होतो, म्हणाल्या. नारू! इथं बसलेल्या साठीच्या पुढच्या लोकांना आठवत असेल. नारू म्हणजे जंत. पायविहिरीचं पाणी प्यायलं की तो पोटात जायचा आणि वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा बाहेर यायचा. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. ना लस, ना गोळी. पाणी गाळायचं फडकं, आणि विहिरींची दुरुस्ती. तेच फडकं आजींनी मच्छराला लावलं.

पाणी पिंपात गेलं, अळ्या धोतरावर राहिल्या. धोतर अंगणातल्या तापलेल्या मातीवर झटकलं, दोन मिनिटांत सगळं वाळलं. मग मी नारळाची शेंडी घेऊन टाकी घासली आणि तेच पाणी परत ओतलं. तांब्याभर पाणी वाया गेलं असेल.

घासायचं कशासाठी, तेही सांगतो. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेघेच्या जरा वर, ओल्या भिंतीला एकेक करून चिकटवते, एका खेपेला शंभरच्या आसपास. खसखशीपेक्षाही बारीक, काळी. पाणी ओतून दिलं तरी ती भिंतीलाच राहतात. कोरडी पडली तरी मरत नाहीत, आठ-आठ महिने तग धरतात. जूनमध्ये आपण कूलर पुसून माळ्यावर टाकतो, मार्चमध्ये काढून पाणी भरतो, आणि गेल्या वर्षीची अंडी त्या पहिल्या पाण्यात फुटतात. सात-आठ दिवसांत मच्छर उडतो. म्हणून आठवड्याला एकदा गाळणं आणि घासणं. आठवडा चुकला की मच्छर उडालाच. तो शुक्रवार असू द्या, सोमवार असू द्या, वार एकच ठेवा.

मच्छराची अळी पाण्यातच गाठायची ही कल्पना काही माझी नाही. मुंबईत १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरांनी मलेरियावर अहवाल दिला, त्यात बोट ठेवलं ते घरोघरच्या विहिरींवर. विहिरी झाका, बुजवा असे हुकूम निघाले आणि लोक खवळले, कारण कित्येक विहिरी पवित्र मानलेल्या. त्या भांडणावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, आज नको.

धुराच्या फवारणीबद्दल मात्र बोलणार, कारण माझ्या मनात तो राग आहे. आमच्याकडे एक मागणी कायम यायची, ‘साहेब, धूर मारा.’ एका वसाहतीत आम्ही सांगितलं, आधी टाक्या तपासू द्या. गच्चीवर चढू दिलं नाही. वर तक्रार केली, धूर मारून घेतला, गाडीसोबत फोटो काढले. तो धूर त्या घटकेला उडत असलेला मच्छर मारतो. घराची दारं-खिडक्या उघडी पाहिजेत, तर लोक नेमकी लावून घेतात. पाण्यातल्या अळीला तर त्या धुराचा पत्ताही लागत नाही. पंधरा दिवसांनी त्याच वसाहतीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. त्यात सात वर्षांची एक मुलगी होती. ती वाचली, पण त्या आठवड्यात तिच्या आईचा चेहरा मी पाहिला होता. तेव्हापासून धुराची गाडी दिसली की माझ्या पोटात कालवतं.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग पत्रिकेतला विषय आता भराभर घेतो.

कडुनिंबाचं तेल. खोबरेल तेलात दोन टक्के, म्हणजे पाव लिटरमध्ये चहाचा एक चमचा. मलेरियावर काम करणाऱ्या आपल्याच शास्त्रज्ञांनी नव्वदच्या दशकात ते तपासलंय. रात्री चावणाऱ्या मलेरियाच्या मच्छरावर गुण चांगला, दिवसाच्या एडिसवर तेवढा नाही. वास उग्र असतो, पण संध्याकाळी अंगणात बसताना हातापायांना जरूर लावा. बाळांना नको.

गवती चहा, आणि त्याच्याच जातीचं वासाचं गवत सिट्रोनेला. नुसती कुंडी खिडकीत ठेवून मच्छर पळत नाही. पान चुरगाळलं, तेल काढलं तर वास सुटतो, आणि तो तास-दीड तासात उडून जातो. लावायचंच तर पातळ करून, पुन्हा पुन्हा.

धूर. निंबाचा पाला, ऊद, निर्गुडी. गोठ्यात, अंगणात ठीक. बंद खोलीत लहान मुलं आणि दम्याचे रुग्ण असताना नको. कॉइलचंही तेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले बारीक कण पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींइतके निघाले.

पंखा. हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि याकडे कोणी बघत नाही. मच्छर कमजोर उडणारा, ताशी दोन किलोमीटरच्या आसपास. टेबलपंखा पायांकडे लावा. वाऱ्यापुढे तो उतरूच शकत नाही, शिवाय आपल्या श्वासाचा जो वास धरून तो येतो तोही पांगतो.

मच्छरदाणी. रात्री सगळ्यांना आणि दिवसा बाळांना. घरात डेंग्यूचा रुग्ण असेल तर त्यालाही दिवसा मच्छरदाणीतच ठेवा, म्हणजे त्याला चावून मच्छर दुसऱ्याकडे जाणार नाही. कपडे फिके, पूर्ण बाह्यांचे.

गप्पी मासे. गुरांच्या हौदात, न वापरत्या विहिरीत सोडा, फार चांगलं काम करतात. नदी-तलावात मात्र सोडू नका, तिथले आपले मासे त्यांच्यापायी अडचणीत येतात. संडासाच्या व्हेंट पाइपला जाळी बांधा. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स तिथूनच निघतो.

ढेकणांचं कोणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. गाद्या-गोधड्या काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून मे महिन्याच्या उन्हात दिवसभर टाका. पन्नास अंशांत ढेकूण टिकत नाही. नुसत्या उघड्या टाकल्या तर तो सावलीच्या बाजूला सरकतो, म्हणून बांधून.

झालं, वेळ संपली. आता बरणी. काल माझ्या शेजारच्या कूलरमधून, त्यांना विचारून, काढलेलं पाणी आहे. रांगेनं या, मुलांना पुढे घ्या. वरून हाताची सावली न्या, कशा तळाला जातात बघा, मग वर येईपर्यंत थांबा. फडक्याला हात लावू नका, दोन कोष अगदी तयार आहेत. बघून झालं की तुमच्यापैकी कोणीतरी ती बाहेर नेऊन उन्हातल्या मातीवर ओता. गटारात नको, तिथं त्यांना पुन्हा पाणी मिळेल.