ही कमाई कुणाची?

नमस्कार मंडळी! आज घराच्या कर्जावर बोलायचंय, पण आधी आमच्या मामांची गोष्ट.

मामांचं उद्यमनगरात लेथचं शॉप, कधी फाउंड्रीचं काम धो धो, कधी महिनाभर मशीन गार. आर. के. नगरला फ्लॅट बघितला, नाव काय तर कायतरी हाइट्स, चार मजले आणि म्हणे हाइट्स, असली नावं ठेवणाऱ्याला एकदा पन्हाळ्यावर नेऊन उभा केला पाहिजे, असो. तर लोनचा एजंट घरी आला, फाइल पुढं ठेवून म्हणाला, फुल्या मारल्यात तिथं सह्या करा. मामीनं चहा टाकला आणि येऊन फाइल वाचायला बसली. वार्षिक उत्पन्न अकरा लाख! मामी म्हणाली, "ही कमाई कुणाची ओ?" एजंट म्हणतोय, "मामी, ते कागदापुरतं असतंय, रिटर्न मी बसवतो, सुरवातीला हप्ता पण हलकाच, पुढचं पुढं बघू." मामी मामांकडं वळली, "एवढं मिळत होतं तर माझ्या पाटल्या गुजरीत गहाण का टाकल्यासा?" मामा छताकडं बघायलेत. एजंट चहा न पिताच गेला बघा.

अमेरिकेत 2008 च्या आर्थिक संकटाआधी फाइल वाचणारी अशी मामीच नव्हती. उत्पन्न तोंडी सांगा, कर्ज घ्या. पुन्हा सांगतो, कागद नाही, नुसतं तोंडी! त्यातली लय कर्जं अशी की पहिली 2 वर्षं कमी व्याज, उरलेली 28 वर्षं बदलता दर. तिथल्या फेडचा, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेचा, दर 2004 ला 1 टक्का होता तो 2006 पर्यंत सव्वापाच झाला, हप्ते चढले, घरांच्या किमती उतरल्या, मग घर विकूनपण कर्ज फिटेना. आणि बँका द्यायच्या का, तर कर्ज स्वतःकडं ठेवायचंच नव्हतं, गठ्ठे बांधून रोखे म्हणून पुढं विकायचे, रेटिंगवाले वर ट्रिपल ए चा, म्हणजे एकदम सुरक्षित असा, शिक्का मारणार. हप्ता बुडला तर कर्ज देणाऱ्या बँकेचं काय जातंय? शेवटी 15 सप्टेंबर 2008 ला असल्या रोख्यांत अडकलेल्या लेहमन ब्रदर्स ह्या तिथल्या बड्या बँकेनं दिवाळं काढलं.

आपल्याकडं वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेनं 2004 लाच गृहकर्जाला बँकांनी जास्त भांडवल बाजूला ठेवायचं असा नियम कडक केलता. आतापण 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळतात, 75 लाखांच्या वर गेलं की 75 टक्केच. बाकीचे आपले घालायचे, आपले!

चला, आता गुळाचे बाजारभाव ऐका.