हिरव्या पाण्यातली वस्ती

नमस्कार श्रोतेहो.

समुद्राखालची चित्रं आपण पाहतो ती बहुतेक उबदार समुद्रांची असतात. निळंशार पाणी, पांढरी वाळू, प्रवाळांभोवती फिरणारे रंगीत मासे. आज मी बोलणार आहे ते अगदी वेगळ्या पाण्याबद्दल. उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा, कॅलिफोर्नियापासून वर ब्रिटिश कोलंबिया आणि अलास्कापर्यंतचा. इथलं पाणी हिरवं असतं, कधी तपकिरीकडे झुकणारं, आणि थंडीबद्दल तर बोलायलाच नको. उत्तरेकडच्या खाड्यांमध्ये थोडं खोल गेलं की भर उन्हाळ्यातही तापमान दहा-बारा अंशांच्या आसपासच राहतं. प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा, बहर आला की दोन हातांपलीकडचं धड दिसत नाही. नवखा डायव्हर अशा दिवशी बाहेर येऊन म्हणतो, "पाणी घाण होतं हो, काहीच दिसलं नाही." या वाक्याशी मला आज भांडायचं आहे. ते पाणी घाण नसतं, अन्नाने भरलेलं असतं. तळाशी जे काही जगतं, ते याच हिरवेपणावर जगतं.

त्यामागचं कारण साधं आहे. वसंत आणि उन्हाळ्यात या किनाऱ्याला समांतर वारे वाहतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याची जागा घ्यायला खालचं थंडगार पाणी वर येतं. वरून खाली पडलेल्या सगळ्या जीवसृष्टीचा चुरा, त्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट, हे त्या पाण्यात विरघळलेलं असतं. त्याला ऊन मिळालं की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात. त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर आणखी मोठे. शिवाय थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. एका जागी बसून राहणाऱ्या प्राण्याला याहून चांगली जागा कुठली? अन्न आपल्या पायांनी दारात येतं.

आणि हे सगळं पाहायला बोट लागत नाही. किनाऱ्यावरून चालत जायचं, कमरेएवढ्या पाण्यात पायांत फिन्स, म्हणजे पोहायचे पंजे, चढवायचे आणि खडकाचा उतार धरून खाली जायचं. यालाच शोअर डायव्हिंग म्हणतात. तयारी मात्र चोख हवी. पाणी शरीरातली ऊब हवेच्या मानाने सुमारे २५ पट वेगाने काढून घेतं, म्हणून जाड वेटसूट किंवा आत पाणी न शिरू देणारा ड्रायसूट, डोक्याला हूड, हातात मोजे. पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो असा एक सार्वत्रिक समज आहे. असते ती साधी, दाबून भरलेली हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरती-ओहोटीचं कोष्टक. अरुंद खाड्यांमध्ये प्रवाहाला इतका जोर असतो की पट्टीचा पोहणाराही त्याच्यापुढे टिकत नाही. भरती संपून ओहोटी सुरू होण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेवढ्यात जाऊन यायचं. ती वेळ चुकली तर डाइव्ह रद्द. यात तडजोड नाही.

खाली गेल्यावर पहिला नियम: लांब पाहू नका, जवळ पाहा. दोन मीटर खडक निवडा आणि तिथेच तरंगत राहा.

त्या खडकावर बार्नॅकल असतातच, पांढरी टोकदार कवचं. वरवर पाहिलं तर दगडाचाच भाग वाटतात. पण अर्धा मिनिट न हलता थांबलात, तर कवचाच्या तोंडाशी दारं उघडतात, आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाण्यात एक झडप घालतात आणि आत जातात. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. हा प्राणी खेकड्या-कोळंब्यांच्या नात्यातला. पिल्लू असताना तो पोहत हिंडतो, मग खडक पसंत करतो, डोकं खडकाला चिकटवतो, भोवती कवच बांधतो आणि उरलेलं आयुष्य उलटा राहून पायांनी जेवतो. चार्ल्स डार्विनने आपल्या आयुष्यातली तब्बल आठ वर्षं बार्नॅकलच्या अभ्यासाला दिली. मला त्याचं अजिबात नवल वाटत नाही.

बार्नॅकलच्या बाजूला समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी. थंड पाण्याची खरी शोभा म्हणजे पांढरी, तुरेदार समुद्रफुलं. त्यांतली मोठी जात मीटरभर उंच होते. धक्क्यांच्या खांबांवर, बुडालेल्या बोटींवर त्यांची रानं उभी असतात. धाकटी जात आणखी नवलाची आहे. ती सरकत जाताना तळव्याचे तुकडे मागे सोडते आणि प्रत्येक तुकड्यातून नवं समुद्रफूल उभं राहतं, हुबेहूब त्याच रक्ताचं. अशी एका कुळाची वस्ती पसरत जाते. दुसऱ्या कुळाची वस्ती शेजारी भिडली की सीमेवरची फुलं खास लढाईचे लांब बाहू वाढवतात आणि परक्याला डंख करतात. आपल्या कुळातल्याला स्पर्श झाला तर काही करत नाहीत. मेंदू नसलेल्या प्राण्याला आपलं-परकं कळतं, हे डोळ्यांसमोर पाहताना दरवेळी थरारून जायला होतं.

आता टॉर्च लावा. पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो. दहा मीटर खोलीवर लाल वस्तू काळपट, मातकट दिसते. जो खडक मघाशी करडा वाटत होता, त्यावर प्रकाश पडताच गुलाबी पापुद्र्यासारखी शैवालं, शेंदरी समुद्रकाकड्यांचे तुरे, गडद लाल अर्चिन झळकू लागतात. लाल अर्चिन म्हणजे बोटभर लांब काट्यांचा गोळा. तो शंभराहून अधिक वर्षं जगू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्याला अणुचाचण्यांमधून समुद्रात उतरलेला किरणोत्सारी कार्बन त्यांच्या शरीरातल्या कठीण भागांत सापडला, त्यावरून त्यांच्या वाढीचा वेग किती मंद आहे ते पक्कं झालं. रॉकफिश जातीचे काही मासेही शंभरी ओलांडतात. थंड पाण्यात बऱ्याच गोष्टी सावकाश होतात. त्यामुळे तिथे निष्काळजीपणे मारलेली फिन किंवा आधाराला टेकवलेला हात महाग पडतो. आपण क्षणात मोडतो ते भरून यायला वर्षं लागतात.

खडकाच्या फटीबाहेर खेकड्यांची रिकामी कवचं आणि शिंपले यांचा ढीग दिसला, तर तिथे थांबा. आत उत्तर पॅसिफिकचा महाकाय ऑक्टोपस राहत असण्याची दाट शक्यता आहे. तो रात्री शिकार करतो, घरी आणून खातो आणि उष्टं दाराबाहेर टाकतो. त्या ढिगातला एखादा शिंपला नीट पाहा. कधी कधी त्याला एक बारीक, गोल भोक असतं. ऑक्टोपसने ते कोरलेलं असतं. त्यातून तो विष आत सोडतो, शिंपल्याचे स्नायू सैल पडतात आणि तो उघडतो. पूर्ण वाढलेल्या ऑक्टोपसचं वजन पंधरा-वीस किलो सहज भरतं. मादीच्या एकेका बाहूवर २८० च्या आसपास शोषकं असतात आणि प्रत्येक शोषकाला चव कळते. तीन हृदयं, आणि रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं. टॉर्चचा झोत थेट डोळ्यांवर न मारता बाजूला धरलात, तर फटीतून एक आडवी बाहुली तुमच्याकडे रोखून पाहताना दिसते. मग एक बाहू हळूच पुढे येतो, मोज्याला लागतो, तपासतो, मागे जातो. त्याला बाहेर ओढायचा प्रयत्न कुणीही करू नये. ते त्याचं घर आहे.

मादीचं शेवटचं पर्व तर ऐकून घ्यायलाच हवं. ती हजारो अंडी झुबक्यांनी गुहेच्या छताला टांगते. पुढचे सहा महिने, पाणी फार थंड असेल तर त्याहून जास्त, ती गुहा सोडत नाही. अंड्यांवरून पाणी फुंकत राहते, शेवाळ चढू देत नाही, चोरांना हुसकावते, आणि काहीही खात नाही. पिल्लं बाहेर पडतात ती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची. ती वर प्लवकांमध्ये निघून जातात आणि आई मरते. दर वर्षी काही गुहांच्या दाराशी डायव्हर पाहतात ती कातडी फिकट पडलेली, सुकलेली मादी. तिला मदतीची गरज नसते, आपण लांब राहण्याची असते.

लिंगकॉड माशात हीच जबाबदारी नराकडे आहे. हिवाळ्यात मादी खडकांच्या खाचेत अंड्यांचा पुंजका घालते, थर्मोकोलच्या ढेकळासारखा दिसणारा, आणि निघून जाते. नर आठवडेच्या आठवडे तिथे पहारा करतो. एरवी सुस्त दिसणारा हा दातेरी मासा त्या दिवसांत डायव्हरच्या अंगावर धावून यायलाही कमी करत नाही. तो धावून आला की आपण आपली वाट बदलावी.

आणि केल्प! बुल केल्प हे शैवाल एका मोसमात तळापासून पृष्ठभागापर्यंत पोहोचतं, ३० मीटर किंवा त्याहूनही उंच. टोकाला वायूने भरलेला गोल फुगवटा असतो, त्याच्या जोरावर ते उभं राहतं. या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो, आपल्याला विषारी असलेला. त्या खांबांमधून वर पाहिलं की पानांतून तिरपी किरणं उतरत असतात आणि सीलचं एखादं पिल्लू मागून येऊन फिन चावून जातं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी १८३४ साली डार्विनने केल्पची अशीच रानं पाहिली आणि लिहून ठेवलं की, कुठल्याही देशातलं एखादं जंगल नष्ट झालं तरी इतक्या जाती नाहीशा होणार नाहीत, जितक्या केल्प नष्ट झाल्याने होतील.

हे रान उभं राहतं ते अर्चिनवर वचक असेल तरच. अर्चिन केल्प खातात. अर्चिनना सी-ऑटर, म्हणजे समुद्री ऊदमांजरं, खातात. ऑटरांची फरसाठी इतकी कत्तल झाली की १९११ साली आंतरराष्ट्रीय करार करून त्यांना संरक्षण द्यावं लागलं. अलास्काच्या ॲल्युशियन बेटांवर जिथे ऑटर होते आणि जिथे नव्हते अशा बेटांची तुलना करणारा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑटर होते तिथे केल्प दाट, नव्हते तिथे तळ अर्चिनने खरवडून काढलेला. पुष्कळ ठिकाणी ऑटर परतलेच नाहीत. तिथे ही राखण केली ती एका तारामाशाने, सूर्यफूल ताऱ्याने. २४ पर्यंत बाहू, मीटरभर रुंदी, अंगावर हजारो नळीपाय, आणि ताऱ्यामाशाच्या मानाने चांगलाच वेगवान. तो जवळ आला की अर्चिन खरोखर पळू लागतात. काटे हलवत खडकावरून सरकणारी अर्चिनची रांग दिसली, तर ती कुठून निघाली ते शोधा. मागे तारा असतो.

असतो, म्हणजे असायचा. २०१३ पासून या किनाऱ्यावर ताऱ्यांमध्ये एक रोग पसरला. अंगावर पांढरे चट्टे, मग बाहू पिळवटून गळून पडणं, आणि काही दिवसांत तळावर नुसता लगदा. २०१४ ते २०१६ या काळात समुद्र नेहमीपेक्षा खूप तापला, त्याने हाल आणखी वाढले. सूर्यफूल ताऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक गेले. २०२० साली ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाली. तारे गेले, अर्चिन मोकाट सुटले, आणि उत्तर कॅलिफोर्नियातलं बुल केल्पचं आच्छादन ९० टक्क्यांहून अधिक घटलं. मी हे आकडे म्हणून सांगत नाही. जिथे एकेकाळी उगवत्या केल्पमधून वाट काढावी लागायची, तिथे आज जांभळ्या अर्चिनचा गालिचा आणि बोडका खडक आहे. हे अर्चिन उपाशी राहूनही वर्षानुवर्षं जिवंत राहतात, त्यामुळे नवं केल्प उगवायला जागाच मिळत नाही.

कारण शोधायला बारा वर्षं लागली. २०२५ साली संशोधकांनी एक जीवाणू निश्चित केला, व्हिब्रिओ कुळातला. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली: ब्रिटिश कोलंबियातल्या खोल, थंड फियॉर्डमध्ये, म्हणजे उंच कड्यांमधल्या अरुंद खाड्यांमध्ये, हे तारे अजून बऱ्या संख्येने टिकून आहेत. ज्या थंडीला आपण कुरकुरतो, तिनेच त्यांना आसरा दिला आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या फ्रायडे हार्बरच्या सागरी प्रयोगशाळेत २०१९ पासून ताऱ्यांची पैदासही सुरू आहे.

हा ऱ्हास इतक्या लवकर लक्षात आला, त्यात हौशी डायव्हरांचा मोठा वाटा आहे. किनाऱ्यावरून उतरणारी साधी माणसं वर्षानुवर्षं पाटीवर पेन्सिलने नोंदी करत होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या नोंदी वापरल्या गेल्या. म्हणून जाताना एवढी विनंती करतो. या पाण्यात उतरलात तर एक पाटी सोबत घ्या. जागा, तारीख, खोली, तळाचं तापमान आणि सूर्यफूल तारे किती, एवढं लिहा. तारा दिसला तर त्याचा व्यास हाताच्या अंदाजाने नोंदवा, अंगावर चट्टे आहेत का तेही. एकही दिसला नाही तर शून्य लिहा, रकाना कोरा ठेवू नका. कोऱ्या रकान्यावरून तिथे तारे नव्हते की मोजायला कुणी नव्हतं, हे पुढच्याला कळत नाही.

नमस्कार.