छोट्या अणुभट्ट्या: परवाना आणि विजेचा दर

श्रोतेहो, नमस्कार. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते म्हणजे काय, हे नागपूरजवळच्या कोळशाच्या वीज केंद्रांशेजारी राहणाऱ्या कोराडी-खापरखेड्याच्या रहिवाशांना समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच, कोळशाचे जुने संच काढून तिथे छोटी अणुभट्टी उभारावी, या कल्पनेकडे नागपूरकरांचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. केंद्राने २०२५च्या अर्थसंकल्पात अशा भट्ट्यांच्या संशोधनासाठी २० हजार कोटी रुपये जाहीर केले आणि २०३३पर्यंत किमान पाच स्वदेशी भट्ट्या चालू करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

भट्टी छोटी म्हणून वीज स्वस्त, असे मात्र नाही. नियंत्रण कक्ष, सुरक्षा दल, आपत्कालीन व्यवस्था यांचा खर्च मेगावॉटच्या प्रमाणात घटत नाही. तेव्हा एकच आराखडा कारखान्यात पुन्हापुन्हा घडवला, तरच हिशेब जुळतो. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीच्या ५० मेगावॉटच्या संचाला जानेवारी २०२३ मध्ये नियामकाची मान्यता मिळाली, पण यूटातील नगरपालिकांच्या वीजसंघासाठी आखलेला प्रकल्प ७७ मेगावॉटच्या संचांचा होता. त्याच महिन्यात अपेक्षित दर प्रति मेगावॉट-तास ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि नोव्हेंबरमध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. ७७ मेगावॉटला मान्यता मिळाली ती मे २०२५ मध्ये. वरातीमागून घोडे, दुसरे काय!

कॅनडातील डार्लिंग्टनचे आकडे अधिक बोलके आहेत. तिथल्या ३०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांचा अंदाज २०.९ अब्ज कॅनेडियन डॉलर असून त्यात पहिलीचे ६.१ अब्ज आणि सामाईक कामांचे १.६ अब्ज आहेत. म्हणजे उरलेल्या तिन्ही सरासरी ४.४ अब्जांत व्हाव्यात, अशी अपेक्षा आहे. ती अजून कागदावरच आहे.

आपल्याकडे २२० मेगावॉटच्या जड पाण्याच्या (ज्यात हायड्रोजनचा जड प्रकार असतो) भट्ट्या अनेक वर्षे चालू आहेत, त्यामुळे अणुऊर्जा नियामक मंडळाला त्यांचा आराखडा तोंडपाठ आहे. २०० मेगावॉटची नियोजित भारत स्मॉल मॉड्युलर रिअ‍ॅक्टर मात्र साध्या पाण्यावरची, समृद्ध म्हणजे विखंडनक्षम अंश वाढवलेले युरेनियम लागणारी; तिची छाननी नव्याने करावी लागेल. माझ्या मते, तूर्त परिचित आराखडाच गिरवणे शहाणपणाचे. अर्थात जागेची संमती, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष चालवणे हे टप्पे कोणालाच चुकत नाहीत. कोराडीत तर शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाते. अणुभट्टीला बारमाही, खात्रीचे पाणी कुठून मिळणार आणि भोवतालच्या दाट वस्तीचे काय, हे प्रश्न जागेच्या संमतीच्या वेळीच पुढे येतील. बांधकाम लांबले तर कर्जावरचे व्याज वाढत जाते. तो वाढीव बोजा उभारणाऱ्याने सोसायचा की ग्राहकाच्या बिलात टाकायचा, हे वीजखरेदीच्या करारातच ठरवून घ्यावे लागेल.