आळ शरीरावर नको

श्रोतेहो, नमस्कार.

"शरीराला गोळीची सवय झाली, आता ती लागू पडत नाही," असं आपण सहज म्हणून जातो. अँटिबायोटिकच्या बाबतीत हा आळ शरीरावर नको. बदललेले असतात ते जंतू. तेही सरावाने नव्हे. कोट्यवधी जंतूंत एखाद्याच्या जनुकात योगायोगाने फेरफार झालेला असतो, आणि तो औषधाला दाद देत नाही. बाकीचे मेले की त्याला मोकळं रान! काही जंतू तर ही विद्या शेजाऱ्याकडूनच उचलतात: प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं छोटंसं कडं एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

पेनिसिलीन सर्रास वापरात यायच्या आधीच, 1940 मध्ये, अब्राहम आणि चेन या शास्त्रज्ञांनी ते निकामी करणारं एन्झाइम, म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन, जिवाणूंमध्ये दाखवून दिलं होतं. पेनिसिलीनच्या रेणूत चार अणूंचं एक ताणलेलं कडं असतं, बीटा-लॅक्टम. सगळी करामत त्या ताणात आहे. जिवाणूची पेशीभित्तिका विणणाऱ्या एन्झाइमला हे कडं जाऊन चिकटतं, विणकाम थांबतं आणि जिवाणू फुटतो. औषधाला दाद न देणाऱ्या जिवाणूकडचं ते निकामी करणारं एन्झाइम, बीटा-लॅक्टमेज, मात्र हे कडं आधीच तोडून टाकतं. कडं उघडलं की औषधाचा प्रभाव संपला.

यावर औषधशास्त्राने काढलेली एक युक्ती मला फार आवडते. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्हुलिजेरस नावाचा एक जिवाणू क्लॅव्हुलॅनिक आम्ल तयार करतो. जंतू मारण्यात ते जेमतेमच. पण त्याच्याकडेही तसंच कडं आहे. बीटा-लॅक्टमेज त्याच्यावर तुटून पडतं आणि तिथेच अडकून बसतं. तोवर सोबत दिलेलं, पेनिसिलीनच्याच कुळातलं अमॉक्सिसिलीन आपलं काम उरकतं. म्हणजे जुन्याच औषधाला एक राखणदार मिळाला.

क्षयरोगाने वेगळा धडा दिला. 1940च्या दशकात नुसतं स्ट्रेप्टोमायसिन दिलेले रुग्ण आधी सुधारत, आणि मग कित्येकांचा आजार उलटे. थुंकीतल्या जंतूंवर आता त्या औषधाची मात्रा चालत नसे. उपाय साध्या गणितात होता. समजा, दहा लाखांत एक जंतू एका औषधाला पुरून उरतो आणि तितकेच दुसऱ्याला. मग एकाच वेळी दोन्हींना पुरून उरणारा दहा लाख गुणिले दहा लाखांत एकच! म्हणून क्षयावर औषधांचा जथाच देतात. 1996च्या सुमारास एचआयव्हीवर तीन औषधांचा मारा सुरू झाला, त्यामागेही हाच हिशेब होता.

नवी औषधंही येतात. 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं बेडाक्विलीन क्षयाच्या जंतूची ऊर्जानिर्मितीच बंद पाडतं. आधी कोणी न वापरलेली जागा त्याने हेरली. तरी त्यालाही न जुमानणारे जंतू आढळलेच. त्यातल्या काहींमध्ये पेशीच्या आवरणातला पंप जोरात चालू लागतो आणि आत शिरलेलं औषध पुन्हा बाहेर फेकतो. त्यामुळे क्षयावर बेडाक्विलीन एकटं देत नाहीत, त्याच्या जोडीला आणखी औषधं असतातच.