नोटेशनमधली मोकळी जागा

ऑपेरा म्हटलं की सगळं लिहिलेलं असतं, कुठला सूर, किती मात्रा, कुठे हळू, कुठे जोरात, गायकाने आपल्या मनाने काही करायचं नाही. पण अझरबैजानचे संगीतकार उझेयिर हाजिबेयोव यांच्या 'लैला मजनू' या ऑपेराचं नोटेशन उघडलं ना, तर कोरस लिहिलेला आहे, ऑर्केस्ट्राचे तुकडे लिहिलेत, आणि मजनू आपलं दुःख गायला लागतो तिथे सूर नाहीतच, मुगाम कुठला गायचा तेवढं फक्त सांगितलंय. बाकी सगळं गायकावर. आज मी मुख्यतः या मोकळ्या जागेबद्दल बोलणार आहे, माझ्या मते या माणसाचं आयुष्यभराचं काम तिच्याभोवतीच झालं.

मुगाम म्हणजे आपल्या रागाच्या जवळचं, तंतोतंत तेच नाही हां, पण उस्तादाकडून ऐकून शिकायचं, ठरलेल्या वाटेने सूर वाढवत वर जायचं आणि त्या वाटेवर दरवेळी आपल्या पद्धतीने चालायचं, हे तुम्हाला वेगळं समजवायला नको. गाणाऱ्याच्या हातात डफ, सोबत तार म्हणजे छेडून वाजवायचं तंतुवाद्य, आणि कमांचा, तो गजाने वाजवतात, बस.

हाजिबेयोव १८८५चे, लहानपण गेलं अझरबैजानमधल्या शुशामध्ये, आणि शुशा म्हणजे गाणाऱ्यांचं गाव. साधारण १२-१३ वर्षांचे असताना तिथे त्यांनी 'लैलाच्या कबरीपाशी मजनू' असा एक प्रवेश झालेला बघितला, कोरसमध्ये गायलेही, आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. पुढे जॉर्जियातल्या गोरी गावी शिक्षकांच्या सेमिनरीत शिकले, मास्तर झाले, बाकू शहरात आले, वर्तमानपत्रांत लिहायचे. कॉन्झर्व्हेटरीचं, म्हणजे संगीत महाविद्यालयाचं, शिक्षण नाही! आणि जानेवारी १९०८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बाकूच्या तागियेव थिएटरमध्ये 'लैला मजनू' उभा केला. शब्द बरेचसे सोळाव्या शतकातल्या फुझुलीच्या काव्यातले. मुस्लिम जगातला पहिला ऑपेरा म्हणून त्याचं नाव घेतात. मजनू झाले हुसेनगुलू साराब्स्की, तारवर गुर्बान पिरीमोव. लैला कोण? तर एक तरुण मुलगा, कारण तेव्हा तिथे बाईने स्टेजवर यायचं म्हणजे जिवाशी खेळ होता.

आता कोणी म्हणेल, शिक्षण नव्हतं म्हणून जागा मोकळ्या सोडल्या. थोडं खरंही असेल, पण मला ते पुरेसं वाटत नाही, कारण साराब्स्कीसारखा माणूस समोर उभा असताना त्याच्या गळ्यातला मुगाम कागदावर पक्का करून टाकणं म्हणजे त्यातला जीवच काढून घेणं, आणि शुशाच्या पोराला हे कळत नसेल असं कसं होईल?

मग ते मॉस्कोला शिकले, नंतर सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत. तिथेच १९१३ मध्ये 'अर्शिन माल आलान' लिहिलं, कापडाच्या फेरीवाल्याचं सोंग घेऊन घरोघर फिरणाऱ्या व्यापाऱ्याची गोष्ट, लग्नाआधी मुलीचा चेहरा तरी बघायला मिळावा म्हणून. फार गोड काम आहे ते, जरूर ऐका.

पण मला जास्त ओढ त्यांच्या 'कोरोग्लू' या ऑपेराची आहे. १९३७. इथे मोकळी जागा नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं लिहिलेलं, आणि तरी ऐकताना मातीचाच वास येतो, कारण सगळा बांध आशिक लोकांच्या, म्हणजे गावोगाव साझ घेऊन गाणाऱ्यांच्या गाण्यावर आहे. कोरोग्लूची भूमिका गायला ब्युलब्युल नावाचा गायक, जो इटलीत गाणं शिकून आलेला. याच्या आधी १९३१ मध्येच हाजिबेयोव यांनी तार-कमांचावाल्यांना नोटेशन वाचायला लावून लोकवाद्यांचा ऑर्केस्ट्रा उभा केला होता. आणि १९४५ मध्ये अझरबैजानी लोकसंगीताच्या तत्त्वांवर पुस्तक काढलं, रास्त, शूर, सेगाह धरून ७ मुख्य मुगाम, त्यांचे सूर, त्यांची चाल, सगळं मांडून. जे तोंडी चालत आलेलं होतं ते कसं बनलंय हे अभ्यास करून सांगितलं. १९४८ला ते गेले.

म्हणजे बघा, शेवटच्या १०-१२ वर्षांत त्यांना मुगामच्या आतलं सगळं लिहिता येत होतं, कदाचित त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाच नाही. तरी मजनूच्या त्या जागा भरल्या नाहीत. आजही गाणारा त्या स्वतःच भरतो.

आता मी मजनूचा एक तुकडा लावतो. गायक श्वास घेतो ना, तेव्हा तार काय करते तिकडे लक्ष द्या.